रेडियमचं जॅकेट अंगात असूनही दादा दिसला नाही

मये_तळ्याकाठी (धागाकर्ता)

माझा मोठा भाऊ वाहतूक पोलिसात शिपाई आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. गोव्यात डिचोलीहून म्हापशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्रीची नाकाबंदी होती. साडेअकराचा सुमार आणि पाऊस असा की वायपर फुल सोडला तरी काच धूसरच. एका कारचा आरसा दादाच्या कोपरावर आदळला. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. कार पुढे जाऊन थांबली. उतरलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. प्यायलेला नव्हता, वेगही फार नव्हता. थरथर कापत दादाला म्हणाला, "काका, देवाशप्पत, तुम्ही दिसलाच नाहीत."

दादाच्या अंगात रेडियमचं जॅकेट होतं. पण त्यावर रेनकोट होता.

हे ऐकल्यापासून मला चैन पडेना. पुढच्या रविवारी पाऊस उघडला तेव्हा आम्ही दोघं घरामागच्या सरळ वाटेवर गेलो. त्या वाटेला विजेचा एकही खांब नाही. मी स्कूटर स्टँडवर लावली, इंजिन चालू, दिवा डिपरवर. दादा लांबून माझ्याकडे चालत येणार, मी "दिसलास" म्हणून ओरडलो की जागीच थांबणार, मग मी पावलं मोजणार. माझं पाऊल साधारण पाऊण मीटरचं.

नुसत्या खाकीत तो ३२ पावलांवर दिसला. वरून गडद निळा रेनकोट घातला तर २६ वर. रोजचं जॅकेट, जे दोन वर्षं वापरात आहे, त्यात ५० वर. मग वहिनीच्या भावाने आणून दिलेलं कोरं जॅकेट घातलं. आमची वाट १४० पावलांवर वळते. त्या वळणावर तो उभा राहिला आणि दोन रेघा तिथूनच लख्ख दिसल्या.

मग हिशेब मांडला. ताशी ६० ने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दिसलं, कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५ मीटर, माझी ६० पावलं. ओल्या रस्त्यावर ८० च्या आसपास. म्हणजे दादा ज्या जॅकेटच्या भरवशावर रात्रभर रस्त्यात उभा असतो ते अंगात असूनही दहा पावलं कमी पडतात, तीही कोरड्या रस्त्यावर. पावसातलं तर बोलायलाच नको.

घरी येऊन ते जुनं जॅकेट दिव्याखाली धरलं. वहिनी ते खाकीबरोबरच ब्रशने घासते आणि वर इस्त्री फिरवते. नवरा ड्युटीवर नीटनेटका दिसावा म्हणून मनापासून करते बिचारी. पट्ट्यावर बोट फिरवलं तर चंदेरी असं काही उरलंच नव्हतं. राखाडी, खरखरीत, घडीच्या जागी भेगा.

इथे रस्त्यावर काम केलेली, शिवणकाम जाणणारी, रात्री गाडी चालवणारी मंडळी आहेत. पावसात नेमकं काय घालावं, कुठे काय लावावं, कसं धुवावं, जे माहीत असेल ते सांगा.

पेडणेची_पोर

बाप रे. कोपर कसं आहे आता? मी मोपाहून रात्रीची शिफ्ट संपवून धारगळमार्गे येते. तिथे पोलीस उभे असतात हे मला बहुतेक वेळा त्यांच्या हातातल्या लाल दांड्यामुळे कळतं, कपड्यांमुळे नाही. तुमचं वाचून आज पहिल्यांदा जाणवलं की दांडा खाली असेल तेव्हा मला काहीच दिसत नसतं.

हळदोणे_ते_स्विंडन

मी इंग्लंडात रस्तादुरुस्तीच्या कामावर आहे, नऊ वर्षं झाली. तुमच्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतो. आमच्याकडे पावसाचा कोट हाच हाय-व्हिज, म्हणजे लांबून उठून दिसणारा कपडा असतो. म्हणजे जॅकेटवर कोट चढवायचा प्रश्नच येत नाही, कोटालाच पिवळा रंग आणि पट्टे. पहिल्या दिवशी मुकादमाने सांगितलं होतं, सगळ्यात वर जे असेल तेच तुझं जॅकेट, आतलं गेलं कपाटात.

इथे अशा कपड्यांसाठी ईएन आयएसओ २०४७१ हे मानक चालतं. त्यात तीन वर्ग आहेत. सगळ्यात वरच्या तिसऱ्या वर्गात झळझळीत कापड किमान ०.८० चौरस मीटर आणि परावर्तक पट्टा किमान ०.२० चौरस मीटर लागतो, पट्ट्याची रुंदी ५० मिलिमीटरच्या खाली नाही. दुसऱ्या वर्गात तेच ०.५० आणि ०.१३. ताशी ५० मैल किंवा जास्त वेगमर्यादेच्या दुभाजकवाल्या रस्त्यांवर काम असेल तर तिसरा वर्ग आणि पूर्ण बाह्या, त्यात सूट नाही.

भारतीय मानकही आहे, आयएस १५८०९, त्याची २०१७ ची आवृत्ती. घेताना आतलं लेबल उलटून बघा. रस्त्याकडेला टांगलेली जी पातळ जाळीची जॅकेटं मिळतात त्यांचा पट्टा नवा असतानाही बोटभरच असतो. ५० मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचा पट्टा घेऊच नका.

आणि वहिनींना दोष देऊ नका. चांगल्या जॅकेटच्या लेबलवर किती धुण्यांपर्यंत ते भरवशाचं, हे छापलेलं असतं. ते वाचायचं असतं हे आम्हालासुद्धा इथे शिकवावंच लागतं.

प्रयोगवही

शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून थोडं त्या बाजूने.

आपण सगळे त्या पट्ट्याला रेडियम म्हणतो. एके काळी घड्याळाच्या काट्यांना रेडियमचा रंग लावत, ते अंधारात आपले आपण चमकत, तिथून हा शब्द राहिला. पण जॅकेटच्या पट्ट्यात रेडियम नसतं आणि तो स्वतः चमकत नाही. त्यावर काचेचे अतिशय बारीक मणी असतात, किंवा प्लास्टिकच्या पडद्याखाली इवले प्रिझम. ज्या दिशेने प्रकाश आला त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. म्हणून ज्याच्या गाडीचा दिवा पट्ट्यावर पडतो, त्यालाच पट्टा दिसतो. बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या शिपायाला तो मळकट राखाडीच दिसेल, आणि त्याला वाटेल की जॅकेट गेलं. उलटंही होतं. ठाण्यातल्या ट्यूबलाइटखाली जॅकेट छान दिसतं आणि रस्त्यावर काही कामाचं नसतं.

घरी तपासायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च गालाला चिकटवून, अगदी डोळ्याशेजारी धरा आणि दहा पावलांवरच्या जॅकेटकडे बघा. टॉर्च कमरेशी धरलात तर फसाल. किंवा मोबाइलने फ्लॅश टाकून फोटो काढा. पट्टा फोटोत पांढरा फटक आला पाहिजे. राखाडी आला तर ते जॅकेट रात्रीसाठी संपलं.

पोपटी-पिवळ्या कापडाचं काम वेगळं. ते अतिनील किरण शोषून दिसणाऱ्या प्रकाशात बदलतं, म्हणून ढगाळ दिवशी आणि तिन्हीसांजेला ते इतकं डोळ्यात भरतं. रात्री हेडलाइटपुढे ते जवळजवळ साधं पिवळं कापड. म्हणजे दिवसा कापड राखतं, रात्री पट्टा. उन्हात रोज वाळत घातलं की कापडाचा तो गुण जातो, घासलं आणि इस्त्री केली की पट्ट्याचा. सावलीत वाळवा, हाताने साध्या साबणात हलकं चोळा, ब्लीच नको.

पावसाबद्दल: उघड्या मण्यांच्या पट्ट्यावर पाण्याचा थर बसला की प्रकाश वळवायचं त्यांचं काम बिघडतं. प्रिझमचा पट्टा, ज्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, वरून बंद असतो. गोव्याच्या चार महिन्यांसाठी तोच घ्या, महाग पडला तरी.

खाकीत ३२ पावलांवर दिसला यात नवल नाही. खाक म्हणजे धूळ, राख. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीने हा रंग घेतला तो मातीत मिसळून जाण्यासाठी. जो कपडा शत्रूपासून लपायला निघाला, तो घालून माणूस रस्त्याच्या मधोमध दिसावा अशी अपेक्षा आपण करतो.

चोर्ला_रात्रपाळी

बेळगावहून भाजी भरून पहाटेपर्यंत म्हापसा मार्केट गाठायचं, हे माझं बारा वर्षांचं काम. कधी चोर्ला घाटाने, कधी अनमोड घाटाने. स्टिअरिंगच्या मागून काय दिसतं ते सांगतो.

अंधारात दोन आडव्या रेघा दिसल्या तर मला बॅरिकेड वाटतं. किंवा बंद पडलेल्या ट्रकचा मागचा फाळका, त्यालाही पट्टा असतो. माणूस असेल हे मनात येतच नाही. बॅरिकेड आहे म्हटल्यावर मी वेग थोडा कमी करतो आणि त्याच्या बाजूने काढायला बघतो. आणि ते बॅरिकेड एकदम हात वर करतं. त्या क्षणी पोटात गोळा येतो.

दुसरं, पोलिसांची जीप माझ्याकडे तोंड करून, हेडलाइट चालू ठेवून उभी असते आणि शिपाई तिच्या पुढ्यात. त्यांना वाटतं उजेड आहे म्हणजे आम्ही दिसतो. मला त्या दोन दिव्यांशिवाय काही दिसत नाही. वरच्या निळ्या-लाल दिव्याचंही तेच, फार जवळ उभा असलेला माणूस त्या लखलखाटात विरघळतो. जीप आहे एवढं कळतं, माणूस कुठे ते कळत नाही. हेडलाइट बंद करून पार्किंग लाइट ठेवा आणि माणसाने जीपपासून थोडं लांब उभं राहावं.

धुक्यात चोर्ल्याला तर कुणीही काहीही घातलं तरी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तिथे माणूस रस्त्यात उतरूच नये.

प्रयोगवही

चोर्ला_रात्रपाळी, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने माणसांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून त्यांना अंधारात चालायला लावलं. बघणाऱ्यांना फक्त ठिपके दिसत होते, पण ठिपके हलायला लागले की निमिषात कळे, हा चालणारा माणूस. पुढे रात्रीच्या रस्त्यांवर प्रयोग झाले तेव्हाही हेच निघालं, छातीवरच्या पट्ट्यापेक्षा मनगट, गुडघे आणि घोट्यांवरचे पट्टे चालकाला माणूस लवकर ओळखू देतात. तुम्हाला ज्याचं बॅरिकेड होतं, त्याच्या घोट्यांना पट्टे असते तर ते बॅरिकेड चालायला लागलं असतं.

रायबंदरचा_रस्ता

सगळं पटतं, पण एक बोलतो, राग नसावा. हेल्मेट तपासायला वळणामागे, झाडाच्या आडोशाला उभं राहायचं आणि गाडी आली की एकदम पुढ्यात यायचं, हे मी कितीदा पाहिलंय. ज्याला दिसायचंच नाही त्याला जॅकेट देऊन काय उपयोग?

जुना_बिल्ला

रायबंदरचे, राग नाही. तेहतीस वर्षं खाकीत काढली, आता निवृत्त आहे. तुम्ही म्हणता ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. वळण संपल्या संपल्या उभं राहणं ही माणूस मरायची जागा आहे, आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी ते पहिल्या दिवशी सांगत असे. गाडीवाल्याला तू दिसायला हवास आणि तुला तो. वळणामागे दोघंही आंधळे. आता कॅमेऱ्याने चलन करायची सोय मोटार वाहन कायद्यातच आहे, २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३६ए आलं. एका हेल्मेटसाठी अंगावर गाडी घ्यायची गरज उरलेली नाही.

मये_तळ्याकाठी, तुमच्या भावाला माझ्याकडून काही सांगा. मी हे सगळं इकडेतिकडे हाड मोडून घेऊन शिकलो.

गाडी थांबवली की आपण सवयीने चालकाच्या खिडकीशी जातो. आपल्याकडे गाडी डाव्या कडेला थांबते आणि चालक उजवीकडे बसतो. म्हणजे त्याच्याशी बोलताना शिपाई चालत्या रस्त्यात उभा, पाठ येणाऱ्या गाड्यांकडे. डाव्या खिडकीशी जा. काच खाली करायला सांग, कागद तिकडूनच माग. आपल्या आणि रस्त्याच्या मध्ये एक अख्खी गाडी राहते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका रात्री वेर्ण्याच्या पठारावर मागून टेंपोचा वारा पाठीला लागला आणि टोपी उडाली, त्या रात्रीपासून मी कधी उजवीकडे गेलो नाही.

दोन गाड्यांच्या मध्ये कधी उभं राहायचं नाही. मागच्या गाडीला ठोकर बसली की मधला माणूस चेंगरतो. आपली जीप थांबवलेल्या गाडीच्या मागे, थोडी तिरकी, म्हणजे कुणी येऊन आदळलंच तर जीपला आदळेल. आणि उभं राहण्याआधी पळायचं कुठे ते बघून ठेवायचं. गटार आहे, कठडा आहे, कुंपण आहे, काय आहे मागे? नव्या झुआरी पुलासारख्या जागी कठड्यापलीकडे काही नाहीच. तिथे पायी उभं राहून गाड्या थांबवायच्याच नाहीत, पूल उतरल्यावर थांबवायच्या.

पळणाऱ्या दुचाकीच्या हँडलला हात घालायचा नाही. नंबर लिहून घ्या.

सुईदोरा_फोंडा

मी वीस वर्षं गणवेश शिवते. रेनकोटला सुई लावू नका. प्रत्येक टाक्याच्या भोकातून पाणी झिरपतं, आणि रात्रभर आत ओलं राहिलं की माणूस कोटच काढून ठेवतो. सोपा मार्ग असा. जॅकेट दोन नंबर मोठं घ्या, बिनबाह्यांचं, रेनकोटच्या वरून घालता येईल असं. रेनकोट स्वतःच पिवळा मिळाला तर उत्तमच.

आणि बाजूला जे कापडी बंद बांधायला देतात ते काढून टाका. खांद्यावर आणि दोन्ही कुशीला वेल्क्रो लावा. मागे एका गिऱ्हाइकाने सांगितलं, त्याचं जॅकेट मोटरसायकलच्या हँडलमध्ये अडकलं आणि तो चार हात फरपटत गेला. बंदाची गाठ सुटत नाही, वेल्क्रो ओढ बसली की सुटतो. तेव्हापासून मी कुणाला बंद लावून देत नाही.

मनगटाला आणि घोट्याला वेगळे पट्टे करा. खाली जुन्या जीन्सचं कापड, वर रेडियम, टोकाला वेल्क्रो. रेनकोटवरून, बुटावरून कुठेही बसतात. खिशात मावतात.

हळदोणे_ते_स्विंडन

सुईदोरा ताई, तुम्ही जे केलंत तेच अमेरिकेत पोलिसांसाठी मानकात आलं. तिथे २००६ मध्ये पोलीस, अग्निशामक वगैरेंसाठी वेगळं मानक काढलं, एएनएसआय २०७. जॅकेट आखूड, कारण कमरेच्या पट्ट्यावरचं पिस्तूल आणि वायरलेस झाकलं जाऊ नये. ओढ बसली की सुटणाऱ्या जोडांचीही त्यात सोय. २०१५ मध्ये ते हाय-व्हिज कपड्यांच्या तिथल्या मुख्य मानकात, एएनएसआय १०७ मध्ये, सामावून घेतलं. पोलीस जॅकेट का घालत नाहीत, तर ते त्यांच्या कामात आड येतं, हे आधी ओळखून मग कपडा बेतला, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

शिवाय तिथे पन्नासही राज्यांत गाडीवाल्यांवर बंधन आहे. कडेला दिवे लावून पोलीस किंवा रुग्णवाहिका उभी दिसली की शेजारची लेन सोडायची, ते जमत नसेल तर वेग उतरवायचा. शेवटचं राज्य हवाई, २०१२.

रायबंदरचा_रस्ता

जुना_बिल्ला काका, डाव्या खिडकीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. यापुढे मला थांबवलं तर मी आपणहून डावी काच खाली करीन. आणि गाडी डांबरावरून पूर्ण उतरवून उभी करीन, म्हणजे त्यांना जागा मिळेल.

पेडणेची_पोर

रंगाबद्दल विचारायचं होतं. पावसाळ्यात आमच्याकडे दोन्ही बाजूंना हिरवंगार शेत. पोपटी रंग त्यात मिसळत नाही का? नारिंगी बरा?

प्रयोगवही

दिवसा हिरव्यापुढे नारिंगी-लाल जास्त उठून दिसतो, हे बरोबर. पण संध्याकाळी उजेड उतरला की डोळा लाल-नारिंगी आधी हरवतो आणि पोपटी-पिवळा टिकून राहतो. शिवाय रस्त्याचं काम चालू असलेल्या ठिकाणी नारिंगी कोन आणि नारिंगी ड्रम यांच्या गर्दीत नारिंगी माणूस हरवतो. पोपटी कापड आणि त्यावर नारिंगीची किनार असलेला चंदेरी पट्टा मिळतो, मी तो घेईन. रात्री रंगाचा प्रश्नच नाही, तिथे पट्टाच सगळं.

मये_तळ्याकाठी (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. कोपराची सूज उतरली आहे, दादा परवापासून ड्युटीवर गेला.

सुईदोरा ताईंनी सांगितलं तसे चार पट्टे वहिनीनेच शिवले. पोळ्यासारख्या नक्षीचा, ५० मिलिमीटरचा पट्टा, दीड मीटर पुरला. मनगटाचे ३५ सेंटिमीटर, घोट्याचे ४०. मोठ्या मापाचं जॅकेट घेतलं, बंद उसवून वेल्क्रो लावला. जुनं जॅकेट वहिनीने कापून टाकलं, चुकूनसुद्धा पुन्हा कुणाच्या अंगात जाऊ नये म्हणून.

काल संध्याकाळपासून भुरभुर पाऊस होता. ड्युटीला निघण्याआधी त्याला पुन्हा त्याच वाटेवर नेलं. स्कूटर तिथेच, डिपरवर. या वेळी वहिनीही छत्री घेऊन माझ्याशेजारी उभी होती. रेनकोट, त्यावर जॅकेट, हातापायाला पट्टे. दादा १४० पावलांवरच्या वळणावरून निघाला. छातीवरच्या रेघा आधीच्यासारख्याच दिसल्या, पण मला आणि वहिनीला दोघांनाही आधी दिसले ते पाय. दोन ठिपके, एक पुढे, एक मागे. मी "दिसलास" म्हणायच्या आत वहिनी म्हणाली, "ते बघ, आले."

उद्या तो त्याच्या बरोबरच्या तिघांसाठी पट्टे घेऊन जाणार आहे. वहिनी मशीनवर बसली आहे. ताई, घोट्याचा पट्टा चालताना खाली सरकतो, त्याला आतून रबर लावू का?

सुईदोरा_फोंडा

लावा. अर्ध्या इंचाचं इलास्टिक, मागच्या बाजूला फक्त चार बोटं. रेडियमच्या खाली येऊ देऊ नका, पट्टा चुणला की मध्ये भेगा पडतात.